३५ कोटी डॉलर, ७५ विजय: न्यूयॉर्क मेट्सचा २०२३चा हंगाम

३० मार्च २०२३ला अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू झाला, तेव्हा न्यूयॉर्क मेट्स या संघाचा वर्षाचा पगारखर्च ३५ कोटी डॉलरच्या घरात गेला होता. या खेळात तोवर कुठल्याही संघाने एका वर्षात खेळाडूंवर इतका पैसा लावला नव्हता. ऑक्टोबर उजाडला आणि हंगाम संपला, तेव्हा १६२ सामन्यांपैकी ७५ जिंकलेले, ८७ हरलेले. पाच संघांच्या गटात चौथा क्रमांक, प्लेऑफचं नावही नाही. त्याच हंगामात बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने १०१ सामने जिंकले. त्यांचा खर्च होता मेट्सच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका.

एवढ्यावर ‘पैशाने विजय विकत मिळत नाही’ असं म्हणून मोकळं होता येतं, आणि बरेच जण तसे मोकळे झालेही. पण त्याच वर्षी सगळ्यांत कमी खर्च करणारा ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा संघ सहा कोटींच्या आत भागवून ११२ सामने हरला. स्वस्तातला एक संघ शंभरावर जिंकतो, स्वस्तातलाच दुसरा शंभरावर हरतो आणि सगळ्यांत महागडा मधेच कुठेतरी लटकतो. अशा वेळी नुसते एकूण आकडे शेजारी शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. ते ३५ कोटी नेमके कशावर गेले हे पाहावं लागतं. तसं पाहिलं की लक्षात येतं, मेट्सने त्या हिवाळ्यात नवा संघ घेतलाच नव्हता. आदल्या वर्षीचाच संघ जादा दराने पुन्हा घेतला होता, आणि मधल्या काळात तो संघ एका वर्षाने म्हातारा झाला होता.

बेसबॉलचा पगार कसा ठरतो

आपल्याकडे आयपीएलमध्ये सगळ्या संघांच्या थैलीत सारखेच पैसे असतात. २०२५च्या मोठ्या लिलावात प्रत्येकाला १२० कोटी रुपये होते, त्यापुढे एक रुपया नाही. मेजर लीगमध्ये अशी मर्यादा नाही. मालकाचा खिसा जितका खोल, तितका खर्च. आहे तो फक्त एक कर, त्याला तिकडे लक्झरी टॅक्स म्हणतात. पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे गेला की वरच्या रकमेवर लीगला दंड भरायचा. २०२३मध्ये ही रेषा २३ कोटी ३० लाख डॉलरवर होती. तिच्यावर आणखी तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दर चढता. सगळ्यांत वरची, २९ कोटी ३० लाखांची पायरी २०२२च्या नव्या करारात आली. तिला लोकांनी लगेच ‘कोहेन टॅक्स’ असं नाव ठेवलं, कारण ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घातली आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

स्टीव्ह कोहेन हे हेज फंडवाले अब्जाधीश. २०२०च्या अखेरीस त्यांनी मेट्स संघ सुमारे २४० कोटी डॉलरला विकत घेतला. लहानपणापासूनचे मेट्सचे चाहते. तीन ते पाच वर्षांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली नाही तर आपली निराशा होईल, असं त्यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगून टाकलं. मेट्सने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९८६मध्ये.

आता खेळाडूंचं बघू. मेजर लीगमध्ये आलेला तरुण खेळाडू पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावरच खेळतो. २०२३मध्ये हा किमान पगार ७ लाख २० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवादाच्या मार्गाने पगार वाढतो, तरी खुल्या बाजारातल्या भावापेक्षा तो कमीच राहतो. सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. तोवर बहुतेकांनी तिशी गाठलेली असते किंवा ती जवळ आलेली असते. आणि बेसबॉलपटूचा भराचा काळ साधारण सव्वीस ते एकोणतीस या वयातला.

या एका नियमात सगळी मेख आहे. सर्वोत्तम वर्षं स्वस्तात जातात आणि उतरणीची वर्षं महागात. बाजारात जो संघ खरेदीला उतरतो तो खेळाडूच्या कालच्या कामगिरीचे पैसे मोजतो, आणि पदरात पडते ती उद्याची कामगिरी.

एक सोपा हिशेब करून पाहा. २६ जणांचा आख्खा संघ किमान पगारावर उभा केला तर वर्षाचा खर्च १ कोटी ८७ लाख डॉलर. मायनर लीगमधून (मेजर लीगखालच्या दुय्यम लीगमधून) कधीही उचलून आणता येतील अशा दर्जाच्या खेळाडूंचा हा संघ १६२पैकी ४८च्या आसपास सामने जिंकेल, असं विश्लेषक धरून चालतात. प्लेऑफ गाठायला साधारण ८५ ते ९० विजय लागतात. म्हणजे सगळी धडपड मधल्या चाळीसेक विजयांसाठी आहे. ते घरच्या तरुणांकडून मिळाले तर जवळपास फुकट. बाजारातून आणायचे तर एका विजयाला गेल्या काही वर्षांत ८० ते ९० लाख डॉलरच्या आसपास भाव धरला जातो. चाळीसच्या चाळीस बाजारातून आणायचे ठरवले तर मेट्सचं अंदाजपत्रक आपोआप तयार होतं.

२०२२: हातातोंडाशी आलेला घास

हे सगळं कुठून आलं ते कळायला एक वर्ष मागे जावं लागतं. २०२२मध्ये मेट्सचा हंगाम खरोखर उत्तम गेला होता. १०१ विजय. १ जूनला गटात साडेदहा सामन्यांची आघाडी. मग अटलांटा ब्रेव्हज हळूहळू चढत आले, आणि हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात अटलांटामध्येच मेट्स तीनपैकी तीन सामने हरले. दोघांचे विजय सारखे झाले, पण आपसातल्या सामन्यांत ब्रेव्हज १०-९ने पुढे असल्याने गट त्यांचा. मेट्सना प्लेऑफच्या पहिल्या, वाइल्ड कार्ड नावाच्या तीन सामन्यांच्या फेरीत खेळावं लागलं आणि सॅन डिएगोने त्यांना २-१ने घरी पाठवलं. शेवटचा सामना ६-०, मेट्सचा हिट फक्त एक.

१०१ विजयांचा संघ तीन दिवसांत गारद झाला. असा संघसुद्धा दर पाच सामन्यांत सरासरी दोन हरतोच, तेव्हा तीन सामन्यांच्या फेरीत बाहेर पडणं यात नवल काहीच नाही. पण मालकाला ते पचवणं अवघड असतं.

त्यातच त्या हिवाळ्यात करार संपलेल्यांची रांग लागली. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जेकब डीग्रॉम, क्रिस बॅसिट आणि टायवान वॉकर. शेवटची इनिंग सांभाळणारा एडविन डीयाझ. मैदानाच्या बाहेरच्या भागात मध्यावर (सेंटर फील्डला) खेळणारा ब्रँडन निम्मो. संघाच्या कण्यातले इतके जण एकाच वेळी मोकळे. १०१ विजय मिळवून देणारा संघ नुसता आहे तसा टिकवायचा म्हटलं तरी बाजारात उतरणं भाग होतं, आणि आता प्रत्येकाचा भाव १०१ विजयांनंतरचा होता.

खरेदी

डीग्रॉम टेक्सास रेंजर्सकडे गेला, पाच वर्षांचे १८ कोटी ५० लाख डॉलर घेऊन. त्याच्या जागी मेट्सने जस्टिन व्हर्लँडरला आणलं, दोन वर्षांचे ८ कोटी ६७ लाख देऊन. व्हर्लँडरने आदल्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगचे दोन विभाग, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला होता. वय मात्र हंगाम सुरू होण्याआधीच चाळीस पूर्ण. त्याच्या जोडीला मॅक्स शेर्झर होताच, तीन वर्षांचे १३ कोटी, आणि त्यालाही एकोणचाळिसावं वर्ष चालू. दोघांचाही वर्षाचा पगार ४ कोटी ३३ लाख, त्या वेळचा लीगमधला सर्वाधिक. बॅसिट टोरंटोला गेला, वॉकर फिलाडेल्फियाला. त्यांच्या जागी जपानहून कोदाई सेंगा (पाच वर्षं, साडेसात कोटी) आणि होसे किंताना (दोन वर्षं, २ कोटी ६० लाख). डीयाझला पाच वर्षांचे १० कोटी २० लाख देऊन राखलं, निम्मोला आठ वर्षांचे १६ कोटी २० लाख.

यादी पुन्हा एकदा वाचा. गेलेल्या तीन पिचरांच्या जागी तीन पिचर. जायला निघालेले दोघे परत. ३५ कोटींचा आकडा ऐकून लोकांना वाटलं मेट्सने आकाशच खरेदी केलं. प्रत्यक्षात १०१ विजयांच्या संघात भर अशी काही पडलीच नव्हती.

भर घालायचा एकच खरा प्रयत्न झाला आणि तो फसला. डिसेंबरमध्ये कार्लोस कोरेआ या शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक) सॅन फ्रान्सिस्कोशी ३५ कोटींचा करार वैद्यकीय तपासणीत अडला. कोहेननी रातोरात बोलणी करून १२ वर्षांचे ३१ कोटी ५० लाख कबूल केले. मग मेट्सच्या डॉक्टरांनाही त्याच्या जुन्या घोट्याची तीच काळजी वाटली, करार बारगळला आणि कोरेआ मिनेसोटाला गेला. त्या आठवड्यात यावर भरपूर हसं झालं. माझ्या मते त्या हिवाळ्यात मेट्सने पैशाच्या बाबतीत घेतलेला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच होता, जो त्यांनी घेतला नाईलाजाने.

आता कराचं गणित. मेट्स २०२२मध्येही रेषेच्या वर होते, सलग दुसऱ्या वर्षी दर वाढतो. वरच्या पायरीपलीकडच्या प्रत्येक डॉलरला त्यांना ९० सेंट कर पडत होता. व्हर्लँडरचा पगार या शेवटच्या टप्प्यात धरला, तर त्याचे ४ कोटी ३३ लाख अधिक त्यावरचा कर मिळून एका वर्षाला सव्वाआठ कोटी डॉलर होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसाच प्रकार, फक्त इथे कोंबडीही चार आण्याची नव्हती. वर्षअखेरीस एकूण कराचं बिल आलं सुमारे १० कोटी डॉलर, तोवरचा विक्रम. ओरिओल्सच्या संघाचा पगार आणि वर बरंच काही त्या करातच निघालं असतं.

मायामीतली संध्याकाळ

१५ मार्च २०२३. हंगामाला दोन आठवडे बाकी. मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांमधली स्पर्धा चालू होती. पोर्तो रिको विरुद्ध डोमिनिकन रिपब्लिक, हरणारा घरी जाणार. पोर्तो रिकोकडे आघाडी, नववी इनिंग, चेंडू एडविन डीयाझच्या हातात. आदल्या वर्षी मेट्ससाठी त्याने ६२ इनिंगमध्ये ११८ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं. इथेही त्याने काम चोख केलं. शेवटचा बॅटर बाद झाला, सगळे धावत आले, गोल करून उड्या मारू लागले. आणि त्या गोलातच डीयाझ खाली बसला. भाऊ अ‍ॅलेक्सिस त्याच संघात होता, तो तिथेच रडायला लागला. एडविनला व्हीलचेअरवरून बाहेर नेलं. उजव्या गुडघ्याचा पटेलर टेंडन फाटला होता.

१० कोटी २० लाखांच्या करारातलं पहिलं वर्ष, आणि मेट्ससाठी त्याने टाकलेले चेंडू शून्य. तोही चेंडू टाकताना नव्हे, आनंदाने उडी मारताना जायबंदी झालेला. पैसा असल्या गोष्टीला काय करणार, असं वाटू शकतं. पण श्रीमंत आणि गरीब संघांतला फरक इथेच दिसायला हवा होता: खोलवर राखीव फळी असलेला संघ एक क्लोजर (शेवटची इनिंग सांभाळणारा पिचर) गेला तरी तग धरतो. मेट्सकडे वरच्या फळीत कोट्यधीश होते आणि खालच्या फळीत फारसं काही नव्हतं. पैसा खेळाडूंच्या संख्येवर पसरला नव्हता, थोड्या नावांवर साचला होता.

मग एकामागून एक. किंतानाच्या बरगडीवर शस्त्रक्रिया, तो जुलैपर्यंत बाहेर. व्हर्लँडर पहिल्याच आठवड्यात जायबंदी यादीत, पहिला सामना मे महिन्यात. शेर्झरच्या हाताला चिकट पदार्थ सापडल्याचं पंचांनी ठरवलं आणि एप्रिलमध्ये तो दहा सामन्यांसाठी निलंबित. २०२२मध्ये बॅटिंगचा किताब जिंकलेला जेफ मॅकनील ०.३२६च्या सरासरीवरून ०.२७०वर घसरला.

जून सगळ्यांत वाईट. ७ विजय, १९ पराभव. त्यातले तीन पराभव अटलांटातले, तीनही सामन्यांत मेट्स आधी चांगले पुढे होते. शेवटचा तर १०-१३. त्याच दौऱ्यात संघाचा मुख्य होमरनवाला पीट अलोन्सो याच्या मनगटावर चेंडू बसला.

समोरचा ब्रेव्हज संघही गरीब नव्हता, तोही मोठा खर्च करतो. पण त्यांचा पैसा वेगळ्या वेळी खर्च झाला होता. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरला त्यांनी २०१९मध्येच, तो एकवीस वर्षांचा असताना, आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलरला बांधून घेतलं. ओझी ऑल्बीजला सात वर्षांसाठी साडेतीन कोटींना. ऑस्टिन रायली, मायकेल हॅरिस, स्पेन्सर स्ट्रायडर यांच्याशीही असेच लांबचे करार, फ्री एजंट होण्याच्या कितीतरी आधी. २०२३मध्ये अकुन्याने ४१ होमरन मारले, ७३ बेस चोरले आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीचा त्याचा पगार होता १ कोटी ७० लाख, शेर्झरच्या निम्माही नाही. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हा करार अन्याय्यच वाटतो, विशेषतः ऑल्बीजचा. संघाच्या बाजूने पाहिलं तर मेट्सची सगळी खरेदी जिथे चुकली तिथे ब्रेव्हज बरोबर होते: त्यांनी चढतीची वर्षं विकत घेतली.

२८ जूनला कोहेननी पत्रकार परिषद घेतली. लोकांना वाटलं मॅनेजर बक शोवॉल्टर आणि जनरल मॅनेजर बिली एपलर यांच्यापैकी कोणाची तरी गच्छंती होणार. तसं काही झालं नाही. घाईने काही करणार नाही, पण सुधारणा दिसली नाही तर पुढे विचार करावा लागेल, एवढंच ते बोलले.

पैशाचा दुसरा उपयोग

सुधारणा झाली नाही आणि जुलैअखेरीस मेट्सने दुकान मोडायला काढलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत वाचण्यासारखा भाग हाच.

शेर्झर टेक्सासला, व्हर्लँडर परत ह्यूस्टनला. दोघांच्या करारात आपल्या मर्जीशिवाय बदली होणार नाही असं कलम होतं, दोघांनीही संमती दिली. शेर्झरने नंतर सांगितलं की एपलरशी बोलल्यावर त्याला कळलं, २०२४ हे जुळवाजुळवीचं वर्ष असेल आणि खरा जोर २०२५-२६वर. ज्याला वर्षाला ४ कोटी ३३ लाख मिळतात आणि ज्याची कारकीर्द संपत आली आहे, त्याने जुळवाजुळवीच्या वर्षात काय करायचं?

एरवी एवढ्या महागड्या, वयस्क पिचरच्या बदल्यात फार काही मिळत नाही, कारण घेणाऱ्याला उरलेला पगारही उचलावा लागतो. मेट्सने तो पगार स्वतःच उचलला, दोघांचा मिळून सुमारे ७ कोटी डॉलर. म्हणजे आपले खेळाडू दुसऱ्या संघात खेळणार आणि पगाराचा मोठा वाटा आपण भरणार. बदल्यात टेक्सासकडून लुइसँजेल अकुन्या मिळाला (रोनाल्डचा धाकटा भाऊ), ह्यूस्टनकडून ड्र्यू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड. तिघेही तरुण, मायनर लीगमधले.

लीगमध्ये तरुण गुणवत्ता पैशाने थेट विकत घेता येत नाही. हौशी खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये सगळ्यांत वाईट संघांना आधी निवडण्याची संधी जास्त मिळते, बोनसवर मर्यादा आहेत, परदेशी मुलांच्या करारांवरही मर्यादा आहेत. कोहेननी या भिंतीत एक फट शोधली. दुसऱ्याचं बिल भरायचं आणि मोबदल्यात त्याचे तरुण घ्यायचे. ज्या मालकाला पैसा अडत नाही पण वेळ अडतो त्याच्यासाठी हा बाजारातला सगळ्यांत फायद्याचा व्यवहार.

तो व्यवहार फळला का? अर्धवट. अकुन्या सप्टेंबर २०२४मध्ये शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोर जायबंदी असताना आला आणि मोजक्या सामन्यांत तीन होमरन मारून मोक्याला कामी आला, पण त्यापुढे मोठा खेळाडू झाला नाही. गिल्बर्टला मेट्सने २०२५च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. कल्पना म्हणून मला ती हुशार वाटते, पण ७ कोटींच्या मानाने मिळकत तोकडीच.

हंगाम संपताच शोवॉल्टरना निरोप मिळाला. काही दिवसांत एपलरनी राजीनामा दिला. कोहेननी बेसबॉलचा सगळा कारभार डेव्हिड स्टर्न्सच्या हाती सोपवला, आणि स्टर्न्स आले होते मिलवॉकीहून, लीगमधल्या सगळ्यांत लहान शहरांपैकी एका शहराच्या काटकसरी संघाकडून.

बाकीची लीग काय सांगते

त्या वर्षी खर्चात पहिले तीन होते मेट्स, यांकीज आणि सॅन डिएगो. तिघेही प्लेऑफच्या बाहेर. यांकीज आणि सॅन डिएगोचे विजय ८२-८२. कमी खर्चात टँपा बे रेजने ९९ सामने जिंकले, ओरिओल्सने १०१. पण ओरिओल्सचं कौतुक करताना त्यांनी कोणती किंमत मोजली तेही सांगायला हवं. २०१८मध्ये ११५ पराभव, २०१९मध्ये १०८, २०२१मध्ये ११०. या पराभवांमुळे ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाच्या निवडी मिळाल्या, त्यातून अ‍ॅडली रचमनसारखे खेळाडू आले. ही किंमत डॉलरमध्ये दिसत नाही, ती चाहत्यांनी भरली.

आणि त्याच ओरिओल्सना प्लेऑफमध्ये तीन सामन्यांत झाडून काढलं टेक्सासने. पुढे वर्ल्ड सिरीजही टेक्सासचीच. हा संघ २०२१मध्ये १०२ सामने हरला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगरला १० वर्षांचे ३२ कोटी ५० लाख आणि मार्कस सेमियनला सात वर्षांचे १७ कोटी ५० लाख दिले. पहिल्या वर्षी काही फरक पडला नाही, ९४ पराभव. दुसऱ्या वर्षी विजेतेपद, सीगर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. मेट्सने घालवलेला डीग्रॉम तिथे सहा सामने खेळून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला, म्हणजे तो व्यवहार त्या वर्षापुरता मेट्सइतकाच फसला होता. तरी टेक्सास जिंकलं, कारण एकाच्या जाण्याने त्यांचं छप्पर कोसळलं नाही.

त्या वर्ल्ड सिरीजमध्ये टेक्सासकडून शेर्झर होता. समोरच्या अ‍ॅरिझोनाकडून टॉमी फॅम, ज्याला मेट्सने खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी विकलं होतं. मेट्सच्या पैशाचा थोडा अंश दोन्ही डगआउटमध्ये बसला होता.

म्हणून खर्च आणि यश यांच्या नात्याबद्दल माझं मत असं. नातं आहे, आणि अनेक वर्षांची सरासरी काढली तर ते स्पष्ट दिसतं: जास्त खर्च करणारे संघ जास्त वेळा प्लेऑफमध्ये जातात. एका हंगामात मात्र दुखापती, वय आणि नशीब मिळून ते सहज झाकून टाकतात. शिवाय हे नातं उलट्या दिशेनेही चालतं. संघ जिंकतो, म्हणून त्याचे खेळाडू महाग होतात, म्हणून खर्च वाढतो. मेट्सचे ३५ कोटी हे २०२३च्या यशाचं कारण व्हायच्या आधी २०२२च्या यशाचा परिणाम होते. आकडेवारीचे तक्ते हा फरक दाखवत नाहीत.

पुढची दोन वर्षं

स्टर्न्सच्या पहिल्या हिवाळ्यात मेट्सने मोठं नाव घेतलंच नाही. लुइस सेव्हरिनो एक वर्ष, १ कोटी ३० लाख. शॉन मनाया दोन वर्षं, २ कोटी ८० लाख. होसे इग्लेसियासला तर साधा मायनर लीगचा करार, आणि त्याने मैदानात उतरून ०.३३७ची सरासरी काढली. एकूण पगारखर्च तरीही लीगमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी होता, कारण ह्यूस्टन आणि टेक्सासमध्ये खेळलेल्यांची बिलं अजून चालू होती. सुरुवात २२-३३ अशी झाली, शेवट ८९ विजयांवर. प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये अलोन्सोने मारलेल्या होमरनने त्यांना वाचवलं. तिथून ते नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि लॉस एंजेलिस डॉजर्सकडून सहा सामन्यांत हरले. डॉजर्सनी पुढे २०२४ची वर्ल्ड सिरीज जिंकली, २०२५चीही. खर्चात ते मेट्सच्याच पंगतीतले. फरक इतकाच की त्यांची मायनर लीगची फळीही वर्षानुवर्षं भरलेली आहे.

मग कोहेननी पुन्हा खिसा सैल सोडला. डिसेंबर २०२४मध्ये हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर. सोटो तेव्हा सव्वीस वर्षांचा, त्यामुळे २०२३ची चूक इथे केली नाही असं म्हणता येईल: कालचा नव्हे, उद्याचा खेळाडू घेतला. आणि सोटो खेळलाही उत्तम. जूनच्या मध्याला मेट्स ४५-२४, त्या क्षणी लीगमधला सर्वोत्तम संघ. त्याच सुमारास सेंगा पहिल्या बेसवर झेल घेताना जायबंदी झाला, इतर पिचरही एकेक करून गळले, आणि उरलेल्या ९३ सामन्यांत त्यांनी ३८ जिंकले, ५५ हरले.

शेवटच्या दिवशी मेट्सना मायामीत एक विजय हवा होता. ते ४-० हरले. विजयांची संख्या ८३, सिनसिनाटी रेड्सइतकीच, आणि आपसातल्या सामन्यांत रेड्स पुढे असल्याने शेवटची जागा त्यांना मिळाली. रेड्सचा पगारखर्च मेट्सच्या निम्म्याहूनही बराच कमी होता. त्या हिवाळ्यात डीयाझ डॉजर्सकडे गेला, अलोन्सो बाल्टिमोरला, आणि निम्मोला मेट्सने टेक्सासला पाठवलं. बदल्यात आला मार्कस सेमियन, वय पस्तीस, करारातली तीन वर्षं अजून बाकी.